पिल्लू फक्त मासेच खातंय, बाकी कशाला तोंड लावत नाही. चालेल का?

चिंगीची_मावशी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच मांजर पाळतेय त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या. चिंगी तीन महिन्यांची आहे, घरी येऊन तीन आठवडे झाले. पहिले चार दिवस घाबरलेली होती, काहीच खाईना, म्हणून मी डब्यातला ट्यूना दिला आणि तो तिने असा काही फस्त केला की विचारू नका. तिथेच बहुतेक माझं चुकलं. आता रोजचा मेनू म्हणजे सकाळी डब्यातला ट्यूना, दुपारी काटे काढलेला उकडलेला मासा, रात्री कोळंबी. चिकन ठेवलं की हुंगते आणि वाटीच्या बाजूला पंजाने फरशी खरवडते, म्हणजे शी झाकतात ना मांजरं तसं!! अपमानच तो माझा. ड्राय फूडचा एक दाणा उचलते, लांब नेऊन ठेवते आणि त्याच्याशी फुटबॉल खेळते. माशाच्या फ्लेवरचा पाउच आणला तर वरची ग्रेव्ही चाटून तुकडे तसेच.

खेळते छान, पोट साफ आहे, वजन ११०० ग्रॅम भरलं. घरातले म्हणतात मांजर आहे, मासे नाही खाणार तर काय पालक खाणार. पण शेजारच्या काकू म्हणाल्या नुसत्या माशांनी केस गळतात. नक्की खरं काय? आणि एक दिवस उपाशी ठेवलं तर आपोआप खाईल का? हाही सल्ला मिळालाय.

बोक्याचा_बाप

उपाशी अजिबात ठेवू नका. बाकीचं नंतर बोलू. माणसाच्या मुलाला एक जेवण चुकलं तर फरक पडत नाही, एवढ्याशा पिल्लाची साखर मात्र पटकन खाली येते. मोठ्या मांजरांनाही दोन-तीन दिवस उपास घडला तर लिव्हरमध्ये चरबी साठून जिवावर बेततं, त्यामुळे "भूक लागली की खाईल" हा नियम मांजराला लावायचाच नाही.

दुसरं, पाउचच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघून सांगा. "कम्प्लीट" लिहिलंय की "कॉम्प्लिमेंटरी"? दोन्ही शब्द सारखे दिसतात पण अर्थ पार वेगळा. पहिलं म्हणजे पूर्ण जेवण, दुसरं म्हणजे तोंडीलावणं.

खिडकीतली_मनी

ताई, बावळट प्रश्न नाहीये, हाच प्रश्न मी विचारला नव्हता म्हणून माझ्या बोक्याला भोगावं लागलं.

माझा बोकाही असाच, दोन महिन्यांपासून नुसता उकडलेला मासा, काटे अगदी भिंगातून बघितल्यासारखे वेचून काढलेले, मला वाटायचं किती काळजी घेते मी. साडेचार-पाच महिन्यांचा असताना उड्या मारणं बंद झालं, सोफ्यावर चढायच्या आधी खालीच बसून विचार करायचा, मग एक दिवस मागचा पाय लंगडायला लागला. मला वाटलं कुठेतरी आपटला असेल. एक्स-रे काढला तर हाडं इतकी फिकी दिसत होती की मलाही कळलं काहीतरी गडबड आहे, आणि पायात एक बारीक फ्रॅक्चर. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पडला का असा नाही, खातो काय असा.

झालं असं की माशाच्या मांसात फॉस्फरस भरपूर असतो पण कॅल्शियम जवळजवळ नाहीच, कॅल्शियम सगळं त्या काट्यांत जे मी फेकून देत होते. वाढत्या पिल्लाला फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम किंचित जास्तच लागतं. जेवणातून नाही मिळालं की शरीर रक्तातली पातळी टिकवायला हाडांतून काढून घेतं, म्हणजे बचत खात्यातून रोजचा खर्च. पिल्लाच्या खात्यात मुळात असतं तरी किती.

आणि हे नीट वाचा, कारण मी लगेच पुढची चूक करणार होते: मासे बंद करून नुसतं उकडलेलं चिकन सुरू केलं तरी प्रश्न तसाच राहतो! चिकनच्या मांसातही तेच गणित आहे. त्यामुळे भांडण मासे विरुद्ध चिकन असं नाहीच, भांडण नुसतं मांस विरुद्ध पूर्ण आहार असं आहे. कॅल्शियमची पावडर अंदाजाने टाकू का विचारलं तर डॉक्टरांनी हात जोडले, जास्त झालं तर त्याचाही त्रास. आम्हाला पिल्लांचं कम्प्लीट फूड आणि कित्येक आठवडे पिंजऱ्यात विश्रांती, उड्या बंद. पिंजऱ्यातून तो ज्या नजरेने बघायचा ते अजून आठवतं. आता ठणठणीत आहे, पण चालताना बारकाईने बघितलं तर कळतं.

जुनं_खोड

अहो किती घाबरवता त्या बाईंना. आमच्या आजीची मांजर चौदा वर्षं जगली, माशांची डोकी आणि शेपट्या खाऊन. कसलं कम्प्लीट आणि कसलं काय, हे सगळं कंपन्यांनी पाकिटं खपवायला काढलेलं आहे. मांजर आणि मासा ही जोडी देवानेच घातली आहे.

अर्धी_वाटी

जुनं_खोड, आजीची मांजर दिवसभर घरात होती का हो? नसणार. ती डोकी-शेपट्या म्हणजे नाश्ता होता, जेवण ती बाहेर उरकून यायची. उंदीर, पाल, चिमणी, टोळ, आणि ते सगळं अख्खं, हाडांसकट, काळजा-आतड्यांसकट. उंदीर हेच मांजराचं मूळचं कम्प्लीट फूड. शिवाय डोक्यात आणि शेपटीत काटे येतातच, म्हणजे कॅल्शियमही आलं. चिंगी फ्लॅटमध्ये बंद आहे, तिला वाटीत मिळेल तेवढंच.

आणि जोडी देवाने नाही घातली, माणसाने घातली. आपल्या घरातली मांजरं ज्या रानमांजरापासून आली ते आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातलं. तिथे कुठला मासा! पाण्याला घाबरणाऱ्या प्राण्याचं मुख्य अन्न मासा असेल, हेच मला लहानपणापासून पटलेलं नाही.

जुनं_खोड

उंदरांचा हिशोब कुणी ठेवला नव्हता हे मान्य. एकदा तर आजीच्या उशीपाशी आणून ठेवला होता. पण पाकिटांवरचा माझा राग कायम आहे.

लॅबकोट

मग एवढी चटक का, तर त्याचं उत्तर जिभेत आहे. मांजराला गोड चव कळतच नाही, ते जनुकच त्यांच्यात निकामी झालेलं आहे. पण उमामी म्हणजे मांसाची ती खोल चव जबरदस्त कळते. २०२३ मध्ये मांजराच्या उमामी रिसेप्टरवर एक अभ्यास आला, त्यात हिस्टिडीन आणि आयएमपी हे दोन घटक एकत्र आले की मांजरं तुटून पडतात असं दिसलं, आणि ट्यूनामध्ये हे दोन्ही भरपूर. म्हणजे चिंगी नखरेल नाही, तिला तुम्ही पहिल्याच दिवशी जगातला सगळ्यात चविष्ट पदार्थ वाढलात आणि आता वरणभातावर आणायला बघताय :)

आता धोक्यांबद्दल थोडं, कारण "मासे वाईट" असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. कच्चा मासा देऊ नका. काही माशांत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी१ जीवनसत्त्वाचा चुराडा करतं. बी१ संपलं की आधी भूक जाते, मग पिल्लू झोकांड्या खातं, मान छातीकडे वाकते, झटके येतात. शिजवल्यावर ते एन्झाइम मरतं, तुम्ही उकडताच आहात, ते बरोबर करताय. फक्त उकडलेलं पाणी फेकू नका, त्यात टॉरिन नावाचं मांजराला लागणारं पोषक तत्त्व उतरतं. टॉरिन कमी पडलं तर मांजराचे डोळे आणि हृदय जातं. १९८७ मध्ये हृदयाचा तो आजार टॉरिनच्या कमतरतेशी जोडला गेला आणि त्यानंतर कंपन्यांनी फूडमध्ये ते वाढवलं. म्हणजे खोडसाहेब, पाकिटंही एकेकाळी चुकत होती, तुमचा राग अगदीच अनाठायी नाही.

तेलकट मासे खूप आणि ई जीवनसत्त्व कमी असं झालं तर अंगातल्या चरबीला सूज येते, ती पिवळी पडते. अशा मांजराला नुसतं उचललं तरी ते ओरडतं. तेलातला ट्यूना आणि सार्डिन महिनोन्महिने खाणाऱ्यांत हे दिसतं.

पारा मोठ्या शिकारी माशांत जास्त, कारण लहान माशांमधला तो त्यांच्या अंगात साठत जातो. ट्यूना त्यातलाच. जपानमधल्या मिनामाता गावाचं नाव ऐकलं असेल, कारखान्याने पारा खाडीत सोडला होता, माणसांमधला आजार १९५६ मध्ये नोंदला गेला, पण त्याच्या आधीच तिथली मांजरं नाचल्यासारखी वेडीवाकडी पळून मरत होती. मासे तीही तेच खात होती. आता घाबरू नका, डब्यातल्या ट्यूनात तेवढा पारा नसतो, तो प्रकारच वेगळा होता. पण ११०० ग्रॅमच्या जीवाला रोज ट्यूना हा हिशोबही बरा नाही. लहान जातीचे मासे त्या मानाने बरे.

केस गळण्याबद्दल: काकू अगदीच चूक नाहीत. मांजरांमध्ये अन्नाची ॲलर्जी ज्या गोष्टींची जास्त सापडते त्यात बीफ आणि चिकनसोबत मासाही आहे, मग खाजवून खाजवून केस जातात. पण मासा खाल्ला की केस गळणारच असं नाही.

चिंगीची_मावशी

बाप रे. मी काटे भिंगातून बघितल्यासारखेच काढते. पाउच बघितला, समोर सामनचं मोठं चित्र आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात "कॉम्प्लिमेंटरी". ट्यूनाचा डबा तर माणसांचाच आहे, मिठाच्या पाण्यातला. आता सांगा, हिला यातून बाहेर कसं काढू? कारण चिकन बघितलं की फरशी खरवडणं सुरूच आहे.

बोक्याचा_बाप

आधी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, कधीकधी आपण नखरे म्हणतो आणि निघतं जंत नाहीतर सर्दीने चोंदलेलं नाक. मांजर वासावर जेवतं, नाक बंद तर जेवण बंद. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडायला लागतात तेव्हाही कडक दाणे नको वाटतात.

मग चिकनच्या मागे आत्ता लागूच नका. चव तीच ठेवा, फक्त पदार्थ बदला. माशाच्या चवीचंच, पण कम्प्लीट आणि पिल्लांसाठी असं लिहिलेलं वेट फूड आणा. ग्रेव्ही चाटून तुकडे टाकते म्हणजे तिचं भांडण चवीशी नसून तुकड्यांशी असू शकतं, तर मऊ पेस्टसारखं येतं ते बघा. पहिल्या दिवशी नेहमीच्या माशात एक छोटा चमचा, नीट कालवून, वेचता येणार नाही असं. दोन दिवस जमलं की दोन चमचे. दहा दिवस लागतील, वीस लागले तरी बिघडत नाही. खाल्लं नाही तर एक पायरी मागे या.

फ्रिजमधलं थंड देऊ नका, कोमट करा, ताज्या उंदराइतकं, वास सुटला पाहिजे. उकडलेल्या माशाचं बिनमिठाचं पाणी वर शिंपडा, कांदा-लसूण चुकूनही नको त्यात, रक्तातल्या पेशी फुटतात. वाटीऐवजी पसरट बशी. दिवसातून चार वेळा थोडं थोडं, वीस मिनिटांनी उचलायचं, आणि खाल्लं नाही म्हणून लगेच कोळंबी पुढे करायची नाही. माझ्या अनुभवात इथेच सगळे घसरतात, मीही. मांजराला बरोबर कळतं की तोंड फिरवलं की पुढचा पदार्थ येतो.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर दोन-तीन दिवसांनी वजन करा. या वयात आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम वाढायला हवं. वाढ थांबली किंवा दिवसभर काहीच पोटात गेलं नाही तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

अर्धी_वाटी

एक भर. माशाच्या चवीचं कम्प्लीट फूड जमलं की तिथेच थांबू नका, नंतर दुसऱ्या चवीही आणा. लहानपणी चार चवी, चार प्रकार तोंडाला लागले तर मोठेपणी अडत नाही. आमची एकाच फ्लेवरवर वाढली, ते मिळेनासं झालं तेव्हा आमच्या घरात सुतक होतं.

चिंगीची_मावशी

तेरा दिवसांनी लिहितेय. जंत होतेच!! औषध दिलं. पहिले तीन दिवस तिने चमचाभर फूडसुद्धा ओळखलं, बशी सरकवत सरकवत गॅलरीपर्यंत नेली. चौथ्या दिवशी माशाचं पाणी घालून कोमट केलं तर कुरकुरत खाल्लं. आता तीन हिस्से फूड, एक हिस्सा मासा. वजन १२७० ग्रॅम. काल चिकनची चव मिसळली तर खरवडलं, पण खरवडून झाल्यावर खाल्लं. सवय म्हणून खरवडते की मला टोमणा मारते माहीत नाही.

कोळंबी कायमची बंद का? कोळंबीचा वास आला की ती जी बोलते ते ऐकवत नाही.

खिडकीतली_मनी

कायमची कशाला. शिजवलेली, साल काढून, आठवड्यातून एक-दोनदा एखादी. खाऊ म्हणून, पोट भरायला नाही. माझ्या बोक्याला रविवारी मिळते, आणि रविवार कधी असतो ते त्याला माझ्या आधी कळतं.

जुनं_खोड

जंत निघाले म्हणजे आजी म्हणायची तेच. पिल्लू आलं की आधी जंताचं औषध, मग लाड. एवढं तरी माझं बरोबर धरा.