ऊस वाढला की लोराचा सिग्नल जातोय, तारेचा अँटेना कुठला करू?

वेदगंगाकाठ (निपाणी)
नमस्कार मंडळी. नदीवरच्या आमच्या मोटारीजवळ पाण्याची पातळी कळवणारं यंत्र बसवलंय. आरएफएम९५ मॉड्यूल (लोरा, म्हणजे कमी विजेत लांबवर निरोप पाठवणारा रेडिओ), ८६६ मेगाहर्ट्झ, अँटेना म्हणून सोबत आलेली स्प्रिंग. घर तिथनं दीड किलोमीटर. उन्हाळ्यात सगळे निरोप यायचे. आता ऊस डोक्याच्या वर गेलाय, पाऊस लागलाय, आरएसएसआय, म्हणजे मिळणाऱ्या सिग्नलची ताकद, उणे ११८ च्या आसपास येतोय आणि मधले निरोप गळतात. नेमकं याच दिवसांत पाणी चढतं आणि मोटार वर ओढून घ्यावी लागते. वडील रात्री बॅटरी घेऊन बांधावरनं जातात, तेवढं मला थांबवायचंय. नेटवर बघावं तिथं १७.३ सेंटीमीटर तार लावा म्हणतात. तशीच कापू? का बुडाला मॅग्नेट असलेला तयार अँटेना विकत घेऊ?

चिकोडी_सर्किट
१७.३ कापू नका! तो आकडा ४३३ मेगाहर्ट्झचा. ३०० ला मेगाहर्ट्झनं भागा, आलेल्या मीटरचा चौथा भाग घ्या. ८६६ ला ८.६६ सेंटीमीटर येतात, प्रत्यक्षात तार त्याहून थोडी आखूड ठेवायची.

खानापूर_वायरमन
चिकोडीकरांचं बरोबर आहे, आणि १७.३ का नको तेही सांगतो. ८६६ वर ती तार जवळजवळ अर्ध्या तरंगलांबीची होते. तिच्या टोकाला रोध हजारांच्या घरात जातो, मॉड्यूलला हवेत ५० ओहम. पाठवलेली ताकद बरीचशी उलट फिरते. म्हणजे तार लांब, तरी स्प्रिंगपेक्षा वाईट.

पण लांबी नीट कापली म्हणजे झालं, असं नव्हे. उभी तार हा निम्मा अँटेना. उरलेला निम्मा तिच्या खालचा धातूचा भाग, म्हणजे मॉड्यूलचा ग्राउंड. तुमच्या बोटभर बोर्डावर तो जवळजवळ नाहीच. मी आमच्याकडं भाताच्या शेतांवर हीच कामं करूलोय, आणि दर वेळी फरक पडतो तो या खालच्या अर्ध्यानं.

असं करा. चार भोकांचा एसएमए सॉकेट (अँटेना जोडायचा छोटा स्क्रूवाला) घ्या. घरातल्या वायरिंगची दीड स्क्वेअरची एकसरी तांब्याची तार सोला. मधल्या पिनेला ९ सेंटीमीटरचा तुकडा उभा डाग द्या. चार कोपऱ्यांतनं तेवढेच चार तुकडे काढून खाली ४५ अंशांत वाकवा. चारी सपाट ठेवले तर रोध साधारण ३६ ओहम राहतो, वाकवले की ५० कडं सरकतो. मग उभी तार थोडी थोडी छाटत ८.२ च्या आसपास या. या फ्रिक्वेन्सीला एक मिलिमीटर म्हणजे साधारण १० मेगाहर्ट्झचा फरक, त्यामुळं पक्कड मारण्याआधी मोजा. नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) कुणाकडं मिळाला तर उत्तमच. नसेल तर घरच्या रिसीव्हरवर आरएसएसआय बघत छाटा, मात्र त्या वेळी यंत्र आणि तुम्ही दर वेळी त्याच जागी असा. अँटेना काढलेला असताना ट्रान्समिट चालू ठेवू नका, चिपला धोका असतो.

मॅग्नेटवाला वाईट नाही. पण त्याला खाली लोखंड लागतं. मोटारीच्या खोपीच्या पत्र्यावर चालेल, प्लास्टिकच्या टाकीवर किंवा लाकडी खांबावर त्याचा खालचा अर्धा गायब.

दोन्ही टोकांचे अँटेना उभेच हवेत. एक उभा, एक आडवा झाला तर सगळी मेहनत पाण्यात.

आता उसाचं. ओली पानं सिग्नल पितात, त्यामुळं अँटेना उसाच्या शेंड्याच्या वर काढा, १८-२० फुटांवर. दीड किलोमीटरला मध्यावर सरळ रेषेभोवती साधारण ११ मीटर मोकळं लागतं, ते तुम्हाला पुरं मिळणार नाही. म्हणून घरचा रिसीव्हरही गच्चीवर न्या. विकतचा महागडा अँटेना खाली खोपीत ठेवण्यापेक्षा ही तार वर, याला माझं मत.

वेदगंगाकाठ (निपाणी)
काका, फार आभार. खांब आहे, जुना जीआय पाइप. पण यंत्र खाली ठेवून वर केबल न्यायची तर बारीक केबल चालेल? टीव्हीची आरजी-६ पण पडून आहे.

खानापूर_वायरमन
बारीक आरजी-१७४ या फ्रिक्वेन्सीला मीटरमागं जवळजवळ एक डेसिबल खाते. सहा मीटर नेली तर वर जेमतेम पाव ताकद पोचेल. आरजी-६ ७५ ओहमची असली तरी तेवढ्या अंतरात तिचं नुकसान त्याहून पुष्कळ कमी, ती खुशाल वापरा. पण त्याहून बरं, बॅटरीसकट यंत्रच डब्यात घालून वर चढवा आणि सेन्सरची वायर खाली सोडा.

शहापूर_गच्ची (बेळगाव)
दोन गोष्टी जोडतो. आपल्याकडं ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ विनापरवाना आहे, २०२१ चे नियम. स्वस्तात मिळतो म्हणून ९१५ मेगाहर्ट्झवाला मॉड्यूल लावू नका. आणि पाइपाला वेगळं अर्थिंग द्या. वळवाच्या विजा थेट पडल्या तर काही वाचत नाही, पण जवळ पडल्या तर त्याचा उपयोग होतो.

वेदगंगाकाठ (निपाणी)
ठरलं, यंत्र वरच नेतो. सॉकेटमध्ये पाणी जाऊ नये म्हणून काय करू?

खानापूर_वायरमन
आधी रबरी सेल्फ-बाँडिंग टेप ताणून गुंडाळा, वरनं साधी काळी टेप. डब्याला भोक खालच्या बाजूला पाडा आणि वायर आत जाण्याआधी तिला खाली एक वळसा द्या, म्हणजे थेंब तिथनंच गळतो. हे काम उघडीप मिळाली की करा, ओल्या हातानं गुंडाळलेली टेप धरत नाही.