टू-स्ट्रोक गरम झाली की किकला उठत नाही, मदत हवी आहे

धागाकर्ता: जुनी टू-स्ट्रोक. सकाळी दुसऱ्या किकला चालू. वीस-पंचवीस मिनिटं झकास पळते. पण एकदा बंद केली की संपलं, पन्नास किका मारा, फुस्ससुद्धा नाही. अर्धा तास थांबलं की परत एका किकला चालू. प्लग नवा टाकला, कार्बोरेटर दोनदा धुतला. उद्या गाडी लागणार आहे, लवकर सांगा.

फ्लोटसुई: शंभर टक्के कार्बोरेटर. इंजिन बंद झालं की वारा थांबतो, सिलिंडरची धग कार्बोरेटरला लागते, वाटीतलं पेट्रोल उकळून आत जातं आणि प्लग भिजतो. वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी माझी सुई झिजली होती. सुई आणि सीट बदलली, सुटलो. तोवर कॉक बंद करा, चोक नको, पूर्ण रेस देऊन आठ-दहा किका मारा.

दहाअकरापाना: आधी हे सांगा, गरम असताना प्लगला ठिणगी येते का? आणि ठिणगी पॉइंटने पडते, म्हणजे उघडझाप करणाऱ्या संपर्काने, की सीडीआयने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डबीने? दोन्ही लिहिलेलं नाही.

धागाकर्ता: पूर्ण रेस देऊन झालंय, चोक ओढूनही झालंय. प्लग ओला असतो. म्हणजे पेट्रोल येतंय, कार्बोरेटर ठीकच असणार ना?

दहाअकरापाना: नाही. पेट्रोल जास्त आलं तरी प्लग ओला आणि ठिणगी नसेल तरी ओलाच. गरम इंजिनाला चोक लावून तुम्ही तो आणखी भिजवलात. ठिणगीचं अजून सांगितलं नाहीत.

रिंगपिस्टन: गरम झाल्यावर कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, जात असेल. बोअर करून घ्या, नवा पिस्टन टाका.

दहाअकरापाना: कंप्रेशन गेलं असतं तर चढावर दम लागला असता. ते म्हणतात झकास पळते. एवढ्यावर कुणाला सिलिंडर उघडायला लावू नका.

ऑइलवाला: पेट्रोलमध्ये ऑइल किती घालता? मी लिटरला २० मिली घालतो, म्हणजे १:५०. धूर कमी.

रिंगपिस्टन: जुन्या इंजिनाला १:५०? पिस्टन धरेल. लिटरला ४० मिली, १:२५, त्याखाली उतरू नका.

ऑइलवाला: ऑइल कुठलं त्यावर आहे. आणि गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा, आपलं मत चालवू नका.

नवीगाडी: इतका त्रास असेल तर विकून फोर-स्ट्रोक घ्या.

धागाकर्ता: विकायची असती तर इथे विचारलं नसतं. ऑइलचाही प्रश्न नाही. आत्ता प्लग काढून हेडला टेकवून पाहिला. थंड असताना निळी, जाड ठिणगी. फिरवून आणली, बंद केली, लगेच पाहिलं तर काहीच नाही. पॉइंट नाहीत, सीडीआय आहे. बॅटरीचा संबंध नाही, क्रँकवर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या करंटवर चालते.

दहाअकरापाना: आता धागा लागला. पहिलं काम फुकटचं आहे. किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) आणि चावीकडे जाणारी वायर सीडीआयपासून सोडवा आणि गरम करून पुन्हा बघा. स्विचमध्ये शॉर्ट असेल तर ठिणगी परत येईल. पण मग चावीने गाडी बंद होणार नाही, चोक ओढून बंद करा.

ठिणगी नाहीच आली तर मॅग्नेटमधली सीडीआयला करंट देणारी कॉइल. तिची वायर सॉकेटपाशी सोडवून मल्टिमीटरने ओहम मोजा, थंड आणि गरम. तांब्याचा रेझिस्टन्स तापल्यावर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ६० अंशांनी तापली तर जवळपास पाव पट वाढणं साहजिक. पण आकडा खाली आला तर आतले वेढे शॉर्ट, आणि मीटर ओपन दाखवू लागला तर तार तुटलेली. पळताना कसं चालतं, हे तुम्ही विचाराल. पळताना मॅग्नेट जोरात फिरतो, अर्धमेली कॉइलही पुरेसे व्होल्ट काढते. किकच्या वेगाला तेवढे निघत नाहीत. त्यात बंद केल्यावर हवा थांबते आणि कॉइल आणखी तापते.

फ्लोटसुई: सुई तरीही बघा. माझं लक्षण अगदी हेच होतं.

दहाअकरापाना: तुमच्याकडे गरम असताना ठिणगी होती का?

फ्लोटसुई: पाहिली नव्हती. सुई बदलली आणि चालू झाली.

धागाकर्ता: वायर सोडवून पाहिली, फरक नाही. कॉइल थंड असताना २२५ ओहम. गरम केल्यावर आकडा नाचतो, मधूनच ओपन. हातोडीने ठोकून मॅग्नेट काढू का?

दहाअकरापाना: अजिबात नको! क्रँक वाकेल, सीलही जाईल. पुलर (मॅग्नेट ओढून काढायचं हत्यार) लावूनच काढा, मॅग्नेटखालची क्रँकवरची छोटी चावी हरवू देऊ नका. कॉइलचा सोल्डरचा जोड आधी बघा, बऱ्याचदा तार तिथेच सुटलेली असते. जोड ठीक असेल तर नवी टाका किंवा रिवाइंड करा.

धागाकर्ता: जोडच निघाला. हात लावला तर हलत होता. नीट सोल्डर केला, चाळीस मिनिटं फिरवली, बंद केली, पहिल्या किकला चालू! तीनदा करून पाहिलं. पानासाहेब, खूप आभार.

ऑइलवाला: छान. ऑइल मात्र किती घालता ते सांगितलं नाहीत.

नवासभासद: माझी टू-स्ट्रोक पांढरा धूर सोडते आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतं. काय असेल?

रिंगपिस्टन: क्रँकचं क्लचकडचं सील. वेगळा धागा काढा, सविस्तर सांगतो.