व्हेंटिलेटरवरच्या फुफ्फुसाचं सिम्युलेशन: खालच्या लोबमध्ये एवढी हवा कशी जाते?

नेरूळ_मेकॅनिकल

नमस्कार मंडळी. एम.टेक.चा प्रकल्प आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या सीटीवरून श्वासमार्गाचं मॉडेल करून आतला प्रवाह काढायचा. डेटा जुना, नाव-नंबर काढलेला, एथिक्स कमिटीची परवानगी घेतलेली.

रुग्ण एआरडीएसचा (फुफ्फुसात सूज आणि पाणी येऊन श्वास अपुरा पडण्याचा गंभीर आजार), उताणा. श्वासनलिकेतली ट्यूब ७.५ मिमीची, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाची हवा) ४०० मिली, स्थिर प्रवाह मिनिटाला ४० लिटर, दाब सेंमी पाण्यात: पीप (श्वास सोडल्यावर उरणारा) १०, पीक (सर्वाधिक) ३२, प्लॅटो (श्वास रोखल्यावरचा) २४. सीटी एकच, १ मिमीचा, श्वास सोडून झाल्यावर थांबवून काढलेला. त्याच दिवशीचं ईआयटी रेकॉर्डिंग आहे (छातीभोवतीच्या इलेक्ट्रोडच्या पट्ट्याने हवा कुठे जाते ते दाखवणारं).

थ्रीडी स्लायसर या सॉफ्टवेअरमध्ये सहाव्या फाट्यापर्यंत सेगमेंटेशन केलं (चित्रातून नळ्या वेगळ्या काढल्या), ४२ आउटलेट (नळ्यांची टोकं) निघाले. ओपनफोम या प्रवाहाच्या सॉफ्टवेअरमध्ये लॅमिनार (खळबळ नसलेला) प्रवाह, श्वासनलिकेच्या वरच्या तोंडाशी एकसारखा वेग, सगळ्या आउटलेटला दाब शून्य. दोन गोष्टी जुळत नाहीत. दोन्ही खालच्या लोबना (फुफ्फुसाच्या खालच्या, बऱ्याचशा पाठीकडच्या खंडांना) मिळून ६१ टक्के हवा जाते, ईआयटी मात्र पाठीकडच्या अर्ध्या भागाला ३० टक्केच दाखवतं. आणि एकूण दाबफरक फक्त १८ येतो. मेश (मॉडेलची बारीक जाळी) १२ लाख सेलवरून ३८ लाखांवर नेली, उत्तर जवळपास तेच. कुठे चुकतंय?

घोडबंदरकर

दाबाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. ओपनफोमचे इनकॉम्प्रेसिबल सॉल्व्हर दाब घनतेने भागून देतात. १८ म्हणजे १८ पास्कल नव्हेत. १.१४ ने गुणा, साडेवीस पास्कल होतील. १ सेंमी पाणी म्हणजे ९८ पास्कल, तेव्हा तुमच्या मॉडेलचा दाबफरक जेमतेम ०.२ सेंमी आहे. व्हेंटिलेटर पीक आणि प्लॅटोमध्ये ८ सेंमी दाखवतोय.

त्यातला मोठा वाटा ट्यूबचा, आणि ट्यूब तुम्ही घेतलेलीच नाही. ४० लिटरला ७.५ मिमीच्या ट्यूबमध्ये हवेचा वेग सेकंदाला १५ मीटर, रेनॉल्ड्स अंक ६,८०० च्या आसपास, म्हणजे प्रवाह खळबळीचा. ३० सेंमी लांबीच्या घर्षणात साधारण १८० पास्कल जातात, दोन्ही टोकांचं नुकसान धरलं की ३८० च्या आत-बाहेर. जवळजवळ ४ सेंमी इथेच संपले. तेही ट्यूब स्वच्छ असेल तर. आत कफाचा थर बसला की प्रवाह तोच असताना दाबफरक व्यास घटेल तसा जवळपास पाचव्या घाताने वाढतो.

लॅमिनारही सोडा. १५ मीटरचा झोत १७ मिमीच्या श्वासनलिकेत शिरतो, जिथे सरासरी वेग ३ मीटरच आहे. ट्यूबचं टोक तिरकं कापलेलं असतं, म्हणून झोत मधोमध न जाता एका भिंतीकडे झुकतो. हा झोत तुमच्या मॉडेलमध्ये मुळातच नाही. के-ओमेगा एसएसटी हे खळबळीचं मॉडेल घ्या, भिंतीलगत पाच-सहा प्रिझम थर द्या, पहिल्या सेलचा वाय-प्लस (भिंतीपासूनचं मापरहित अंतर) १ च्या जवळ ठेवा. ट्यूबच्या टोकाशी ०.३ मिमीचे सेल असतील तर कूरांट अंक (एका स्टेपमध्ये हवा किती सेल ओलांडते) १ ठेवायला टाइमस्टेप २० मायक्रोसेकंद लागेल, म्हणजे ०.६ सेकंदाच्या एका श्वासाला ३०,००० स्टेप. ओपनफोमच्या पिंपलफोम सॉल्व्हरमध्ये कूरांट २-३ पर्यंत चालवून घेता येतो.

पण ६१ टक्के येण्याचं कारण यातलं काहीच नाही. प्लॅटो वजा पीप, १४ सेंमी दाब फुफ्फुस ताणायला लागतोय. सीटीत दिसणाऱ्या नळ्यांना लागतो ०.२. आउटलेटला शून्य दाब दिलात की तो १४ सेंमीचा भाग गायब होतो, आणि कुठली नळी किती रुंद आणि किती आखूड एवढ्यावर वाटप होतं. खालच्या लोबच्या नळ्या रुंद असल्या की हवा तिकडेच जाणार, नळीपुढचा लोब पाण्याने भरलेला असो वा मोकळा. मेश कितीही बारीक करा, यात फरक पडणार नाही.

वाशी_आयसीयू

वर म्हटलंय ते अगदी बरोबर. उताण्या एआरडीएस रुग्णात पाठीकडचा भाग वरच्या फुफ्फुसाच्या आणि हृदयाच्या भाराने मिटतो. ब्रॉन्कस उघडा दिसतो, पुढे जागाच नसते. सीटीवर त्या भागाचे हाउन्सफील्ड अंक (घनतेचं माप) पाहा. −१०० ते +१०० म्हणजे हवा जवळपास नाही, −५०० ते −१०० म्हणजे अपुरी, −९०० ते −५०० ठीक.

उरलेले ४ सेंमी सगळे लहान नळ्यांचे समजू नका. श्वास रोखल्याबरोबर दाब पीकवरून एकदम पडतो, मग प्लॅटोपर्यंत सावकाश उतरतो. तो सावकाश भाग ऊतींचा आणि एका भागातून दुसऱ्या भागात सरकणाऱ्या हवेचा. शिवाय मोजणी कुठे होते ते विचारा. व्हेंटिलेटरच्या आत होत असेल तर फिल्टरचा विरोधही त्यात आला.

आणखी एक. ईआयटीचा पाठीकडचा अर्धा भाग म्हणजे खालचा लोब नव्हे. पट्टा चौथ्या-पाचव्या बरगडीच्या फटीत असतो आणि चित्रात येतो तो छातीचा काही सेंटिमीटर जाडीचा काप. तुमच्या सीटीतून तोच काप घेऊन पुढचा-मागचा भाग पाडा, मगच टक्के ताडून पाहा. दुसरा सीटी मात्र केवळ प्रकल्पासाठी मागू नका. अशा रुग्णाला आयसीयूबाहेर हलवणं हाच धोका आहे.

सीटी_खारघर

ट्यूब सेगमेंट करत बसू नका. तिची भिंत सीटीत धूसर येते आणि अपारदर्शक रेघेमुळे चट्टे पडतात. टोकाची जागा आणि कोन मोजा आणि सीएडीमध्ये काढलेली ट्यूब तिथे बसवा.

हाउन्सफील्ड मोजायला मऊ कर्नेलची (चित्र बनवताना लावलेल्या गाळणीची) मालिका वापरा. लंग कर्नेल कडा टोकदार करतो, नळ्यांना बरा, पण अंकांत गोंगाट वाढवतो. दोन्ही मालिका एकाच रॉ डेटातून निघतात, मात्र रॉ डेटा मशीनवर काही दिवसच राहतो. पुढच्या रुग्णाच्या वेळी त्याच दिवशी सांगून ठेवा.

अक्षही तपासा. डायकॉम (सीटीच्या फाइलचा प्रकार) आणि स्लायसर यांच्यात एक्स आणि वाय दोन्हींची चिन्हं उलट असतात. मॉडेल आरशासारखं उलटत नाही, १८० अंशांत फिरतं, त्यामुळे बघताना सगळं ठीक वाटतं. पण ईआयटीशी जुळवताना पाठ पोटाच्या जागी येते. श्वासनलिकेची मागची भिंत चपटी असते. एसटीएल (मॉडेलच्या पृष्ठभागाची फाइल) उघडून ती कुठल्या बाजूला आहे ते बघा.

नेरूळ_मेकॅनिकल

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंत पाहिली, अक्ष बरोबर आहे. श्वास घेतल्यानंतरचा सीटी नसताना आउटलेटला काय द्यायचं?

घोडबंदरकर

दोन सीटी असते तर ते एकमेकांवर बसवून प्रत्येक लोबची हवा किती वाढली ते थेट मिळालं असतं. व्हॉक्सेलमधली (सीटीच्या एका बारीक घनातली) हवा म्हणजे उणे हाउन्सफील्ड भागिले १,००० गुणिले आकारमान. −७०० असेल तर ७० टक्के हवा. एकाच सीटीत लोबनिहाय चांगली हवा असलेलं आकारमान मोजा, अपुऱ्या हवेच्या भागाला कमी वजन द्या आणि त्यावरून प्रत्येक लोबचा हिस्सा ठरवा. एकूण कॉम्प्लायन्स (एक सेंमी दाबाला किती हवा मावते) ४०० भागिले १४, म्हणजे २८.६ मिली प्रति सेंमी. ते या हिश्शांनी वाटा, मग लोबच्या आउटलेटमध्ये छेदाच्या क्षेत्रफळानुसार. ट्यूब आणि मॉडेल वजा जाता ३.८ सेंमी उरतात, म्हणजे रेझिस्टन्स (प्रवाहाला विरोध) जास्तीत जास्त ५.७ सेंमी प्रति लिटर प्रति सेकंद. आउटलेटचा रेझिस्टन्स काढताना त्याला हिश्शाने भागा, गुणू नका.

आउटलेटचा दाब पीपपासून मोजा: आत गेलेली हवा भागिले कॉम्प्लायन्स, अधिक रेझिस्टन्स गुणिले प्रवाह. आधीच्या स्टेपचा प्रवाह तसाच घातलात तर दाब डोलायला लागतो आणि सॉल्व्हर कोसळतो. प्रत्येक आतल्या फेरीत नवा प्रवाह घेऊन ०.३ ने रिलॅक्स करा (बदलाचा तेवढाच हिस्सा घ्या). आउटलेट नळीच्या अक्षाला काटकोनात कापून व्हीएमटीके सॉफ्टवेअरने व्यासाच्या पाचपट लांबवा. आणि ओपनफोमला देताना दाब परत १.१४ ने भागायला विसरू नका.

अपुऱ्या हवेच्या भागाचं वजन ईआयटीच्या पुढच्या-मागच्या वाट्यावरून जुळवा, पण पडताळा उजव्या-डाव्या वाट्यावर घ्या. ज्या आकड्यावर जुळवलंत त्याच्यावरच बरोबर ठरवलंत तर परीक्षक तिथेच पकडतील. शनिवारी मोकळे असाल तर केस फोल्डर घेऊन या, नेरूळहून ठाण्याला ट्रान्स-हार्बरची थेट गाडी आहे. आउटलेटचा कोड बसून लिहून टाकू.