क्रूझच्या दिवशी बंदरावर किती वाजता पोचलात? (नागपूरकरांनो, अनुभव सांगा)

डिसेंबरात आम्ही सात जण मुंबईहून क्रूझला चाललोय, मुंबई-गोवा-मुंबई, छोटीच आहे, आणि गेले पंधरा दिवस घरात एकाच गोष्टीवरून वाद चालू आहे की चढायच्या दिवशी बंदरावर जायचं किती वाजता. जहाज संध्याकाळी पाचला सुटणार, साडेतीनला चेक-इन बंद, आणि वेब चेक-इन करताना वेळेचा स्लॉट निवडा म्हणून विचारतंय, बारा ते तीनमधला. सासरे रेल्वेतून रिटायर झालेत, ते गाडीच्या दीड तास आधी प्लॅटफॉर्मवर हजर असणारे, त्यांचं म्हणणं अकरालाच गेटवर उभं राहू. नणंद म्हणते तीनला गेलं तरी चालतं, विमानतळासारखंच असतं. हे नेहमीप्रमाणे "तुम्ही ठरवा" म्हणून मोकळे. आपला पाण्याशी संबंध म्हणजे अंबाझरी आणि फुटाळा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळे ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा. गाडी कोणती धरली, किती वाजता पोचलात, आणि परत जायचं झालं तर काय बदलाल.

मानेवाड्याहून

आम्ही मागच्या फेब्रुवारीत गेलो होतो, विदर्भ एक्सप्रेसने. सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीला उतरलो, चहा पोहे झाले, आणि आमच्या मोठ्या भाऊजींनी डिक्लेअर केलं की चला, तिथं जाऊनच बसू. बाप्पा! साडेआठला बॅलार्ड पिअरच्या ग्रीन गेटसमोर नऊ माणसं, अकरा बॅगा आणि दोन पोट्टे. गार्ड म्हणे बाराच्या आधी आत सोडत नाही. आतून आदल्या फेरीची माणसं बॅगा ओढत बाहेर येऊन राहिली होती, त्यांचे झोपाळलेले चेहरे, आणि आम्ही फुटपाथवर सुटकेसवर बसून त्यांना पाहून राहिलो. दहा वाजेपर्यंत सावली होती, मग तीही सरकली. फेब्रुवारीतलं मुंबईचं ऊन आपल्यासारखं भाजत नाही पण घाम असा की शर्ट पिळा. पोट्ट्यांनी प्रवासासाठी नेलेला चिवडा तिथंच संपवला. शेवटी जहाजात शिरलो तेव्हा सगळे इतके थकले होते की पहिली संध्याकाळ झोपण्यात गेली. सीएसएमटीला क्लोक रूम आहे, बॅगेला कुलूप लागतं आणि गाडीचं तिकीट दाखवावं लागतं, तिथं सामान टाकून मोकळ्या हाताने फिरलो असतो तर काय बिघडलं असतं? पण भाऊजींना कोण सांगणार.

धरमपेठेतून

हे लिहायला अजून जड जातं, पण कुणाचं तरी भलं होईल. डिसेंबरमध्ये त्याच दिवशी सकाळचं विमान घेतलं होतं. हिशोब एकदम पक्का होता, सव्वासातला सोनेगावहून उडायचं, नऊच्या आत मुंबई, बाराला बंदर. पाच तास हातात आहेत असं मीच बायकोला सांगितलं होतं. ते विमान मुळात दुसऱ्या शहरातून येणार होतं आणि तिकडे धुकं. आधी नऊ म्हणाले, मग साडेदहा, मग काही म्हणेचनात. आम्ही शेवटी उडालो पावणेदोनला. मुंबईत उतरून टॅक्सीत बसलो तेव्हा साडेतीन झाले होते, म्हणजे चेक-इन बंद, आणि आम्ही अजून विलेपार्ल्यात. कंपनीला फोन केला, म्हटलं आम्ही गोव्याला येऊन चढतो, तर नाही म्हणाले, परवानगी लागते आणि ती अशी ऐनवेळी मिळत नाही. पैसे गेले. चौपाटीवर बसून आम्ही दोघांनी भेळ खाल्ली आणि एक अक्षर बोललो नाही. लेट झालेल्या विमानाला जहाजाशी काही देणंघेणं नसतं, दोन तिकिटं वेगवेगळी घेतली की मधला धोका आपला. आदल्या दिवशी जा. खर्च दोन-तीन हजारांचा, हॉटेलचा.

लक्ष्मीनगर

वरच्यांना अनुमोदन. आदल्या दिवशी पोचा. मामेबहीण, आतेभाऊ, कोणी ना कोणी दादर-ठाण्याला असतंच आपलं.

नंदनवनहून, गाडीने गेलेला

समृद्धी पूर्ण सुरू झाल्यापासून (जून 2025) आमच्या ग्रुपात सगळ्यांना वाटतं की मुंबई म्हणजे वर्ध्याला जाऊन येण्यासारखं. 701 किलोमीटर, शिवमडक्याहून रात्री अकराला निघालो, दोघं आलटून पालटून चालवत, इगतपुरीच्या त्या आठ किलोमीटरच्या बोगद्यातून बाहेर पडलो तर फटफटलं होतं आणि आम्ही स्वतःवर जाम खुश. आमणेला सात वाजता! मी म्हटलं नऊला बंदरावर. अबे, आमणेला समृद्धी संपते, मुंबई तिथं लागत नाही. भिवंडी बायपास, मग ठाणे, मग फ्रीवे, आणि सोमवार सकाळ. बॅलार्ड इस्टेटला पोचलो पावणेअकराला. 700 किलोमीटरला आठ तास आणि शेवटच्या पन्नासेकला पावणेचार. त्यानंतर गाडी तीन दिवस ठेवायची कुठं हा प्रश्न, तो आम्ही आधी विचारातच घेतला नव्हता. पार्किंग शोधण्यात अजून दीड तास. शेवटी मित्राच्या सोसायटीत भायखळ्याला लावली. वेळेत पोचलो, हो, पण जहाजावर पहिल्या दिवशी दोघंही ड्रायव्हर जेवणाच्या टेबलावर पेंगत होते. फायदा एकच, अडकलेला वेळ गाडीत एसीत गेला.

महाल भागातली, सुनेसोबत गेलेली

आमची गंमत ऐका. सीएसएमटीवरून टॅक्सी केली, बंदर तसं दोनेक किलोमीटरवरच, त्यामुळे तीन टॅक्सीवाल्यांनी नाहीच म्हटलं. चौथा तयार झाला. सून म्हणाली "भैया, जहाज पे जाना है, बंदर." त्याने मान हलवली आणि निघाला. मी म्हटलं हा लांब चाललाय काय, पण आपल्याला रस्ते कुठं माहीत. उतरलो तर मासळीचा असा वास की माझ्या साडीला दोन दिवस होता! ते निघालं भाऊचा धक्का. तिथून मांडव्याला रो-रो जाते, ती पण जहाजच की, त्याचं काही चुकलं नाही. परत वळून यायला अर्धा तास. आम्ही एकला पोचणार होतो म्हणून निभावलं, नणंदबाईंसारखं तीनला निघालो असतो तर मांडव्यालाच जावं लागलं असतं. टॅक्सीत बसताना "बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट" एवढंच म्हणा. बंदर, जहाज, क्रूझ काही म्हणू नका.

सदर भागातला, सध्या सुट्टीवर

मी नऊ वर्षं जहाजावर हाउसकीपिंगला आहे, म्हणून आतली बाजू सांगतो. तुम्ही ज्या दिवशी चढता त्याला आम्ही टर्नअराउंड म्हणतो आणि तो आमचा सगळ्यात वाईट दिवस. जहाज सकाळी धक्क्याला लागतं, नऊ-साडेनऊपर्यंत जुनी माणसं उतरवायची, आणि माझ्या वाट्याच्या सोळा केबिन दुपारी एक-दीडपर्यंत अशा करायच्या की कुणी राहूनच गेलं नाही. चादरी, बाथरूम, बाल्कनीची काच, टॉवेलचा तो हत्ती. खाली त्याच वेळी भाजी, अंडी, दूध आत येऊन राहिलेलं, कचरा बाहेर चाललेला. म्हणून बाराला आलात तर जहाज मिळेल, केबिन नाही. हातातली बॅग सांभाळत बुफेत बसावं लागेल. काही लोकांना तेच आवडतं, जेवण फुकट चालू असतं, पूल रिकामा असतो. पण मोठी बॅग तुम्ही टर्मिनलवर देता, ती स्कॅन होऊन टॅग बघून दारापाशी येते, कधी चारला, कधी रात्री आठला. तर औषधं, चार्जर, ओळखपत्र, एक जोडी कपडे, पोहायचे असतील तर तेही, हातातच ठेवा. आपल्याकडची माणसं बॅगेत इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड, आणि एकदा तर पाणी तापवायचा रॉड! जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी, ते सगळं काढून ठेवतात आणि तुम्ही बॅग येत नाही म्हणून रिसेप्शनला भांडता.

आता साडेतीनला बंद म्हणजे साडेतीनलाच का, जहाज तर पाचला आहे. कारण कोण कोण चढलं त्याची यादी सुटण्याआधी सरकारकडे जावी लागते, अमेरिकेत तर किमान 60 मिनिटं आधी असा नियम आहे. शिवाय बंदरातून बाहेर काढायला पायलट येतो, त्याची वेळ ठरलेली. आणि ड्रिल, म्हणजे संकटात काय करायचं त्याची तालीम. 2012 च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आपटली, 32 माणसं गेली, त्यात त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो लोकांची ड्रिल झालेलीच नव्हती. तेव्हापासून नियम बदलला, आता सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या ड्रिल होते. उशिरा आलेला माणूस घामाघूम होऊन धावत येतो आणि त्याला आधी लाइफजॅकेटचं सांगतात, पाणी नंतर. माझं मत विचाराल तर एक ते दोन. सकाळची गर्दी ओसरलेली असते, केबिन उघडलेली असते आणि आम्ही माणसासारखे दिसत असतो.

रामदासपेठ

सिंगापूरहून केली. नागपूरहून मुंबई, तिथून रात्रीचं विमान, सकाळी चांगी. व्हिसा, ते अरायव्हल कार्ड, सगळं प्रिंट काढून फाइलमध्ये, माझ्या यांना फाइलचा फार अभिमान. मेट्रोने हार्बरफ्रंटला उतरलो, समोर मॉल, मॉलच्या बाजूला सिंगापूर क्रूझ सेंटर अशी मोठी पाटी, फोटो काढले, आत गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणाली तुमचं जहाज इथं नाही, मरीना बे क्रूझ सेंटरला आहे. दोन टर्मिनल आहेत! नाव वाचलं होतं सगळ्यांनी, "क्रूझ सेंटर" एवढंच डोक्यात राहिलं. टॅक्सीने पंधरा मिनिटांत पोचलो, कारण सिंगापूर आहे, भिवंडी नाही. फाइलमध्ये टर्मिनलचं नाव होतं, पहिल्याच पानावर.

प्रताप नगरातून

मुलाकडून ऐकलेलं. त्यांनी रोमहून क्रूझ बुक केली आणि हॉटेल रोमच्या मधोमध घेतलं, बंदर चालत जाता येईल म्हणून. बंदराचं नाव चिविताव्हेक्किया, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर. ट्रेन आहे म्हणून वाचले.

त्रिमूर्ती नगर

मी इथं एकटाच उलटा असेन. आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा मुद्दाम शेवटच्या स्लॉटला, तीनला वीस कमी असताना गेटवर. रांग शून्य. आईला गुडघ्यामुळे उभं राहवत नाही, व्हीलचेअर आधी सांगून ठेवली होती, सिक्युरिटीपासून केबिनच्या दारापर्यंत बावीस मिनिटं, मी घड्याळ लावून मोजलं. त्याआधी दुपारी बॅलार्ड इस्टेटमध्येच ब्रिटानियात बेरी पुलाव खाल्ला, 1923 चं इराणी रेस्टॉरंट आहे, गेटपासून जवळच. बाराला रांगेत उभे असलेल्यांनी तेव्हा काय खाल्लं ते त्यांनाच विचारा. पण हे मान्य की आम्ही आदल्या रात्रीच मुंबईत होतो, त्यामुळे हिंमत झाली. सेवाग्राम एक्सप्रेसने त्याच दुपारी बाराला सीएसएमटीला उतरून हे करायची माझी छाती नाही.

मानेवाड्याहून (परत)

बेरी पुलाव!! आणि आम्ही फुटपाथवर चिवडा. भाऊजींना ही लिंक पाठवून राहिलो.

धागाकर्ती

जाऊन आलो, कालच परतलो, म्हणून रिपोर्ट. तुमचं सगळं सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. धुक्याचा अनुभव ऐकून ते दोन मिनिटं गप्प बसले आणि विमान बाद झालं. दोन दिवस आधीची विदर्भ, सकाळी मुंबई, मग एक रात्र माझ्या मावशीकडे माहीमला, आणि स्लॉट घेतला एकचा, कारण सदरच्या भाऊंनी सांगितलं. टॅक्सीवाल्याला सासऱ्यांनी "बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट" असं तीनदा सांगितलं, तो वैतागून म्हणाला काका, रोज जातो.

सव्वाएकला आत, दोनला केबिनमध्ये. एकच घोळ झाला, नणंदेने मोठ्या बॅगेत ठेवलेली केसांची इस्त्री स्कॅनला दिसली, तिची बॅग रात्री सव्वाआठला आली आणि तोपर्यंत ती माझ्या कुर्त्यात फिरली. त्यावर मी काही बोलले नाही. संत्रा बर्फीचा सीलबंद डबा मात्र सोडला, घरचे लाडू काढून घेतले.

पाचला सगळे वरच्या डेकवर. सासरे रेलिंगला धरून खाली बघत होते, एक जोडपं कुठूनसं बॅगा घेऊन गेटकडे पळत आलं होतं, गार्डशी हातवारे चालले होते, मग तेही दिसेनासे झाले. दोर सुटले, जहाज हललं, ते कळलं सुद्धा नाही, फक्त धक्का मागे सरकायला लागला. सासऱ्यांनी घड्याळ पाहिलं, खिशातली छोटी डायरी काढली, लिहिलं, आणि आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाले, "अठरा मिनिटं लेट."