दिवा दिवठणीवर ठेवायचा, की लोकांच्या डोळ्यांवर मारायचा?

ओसरी (धागाकर्ती)
आमच्या चर्चच्या पाळकांचं एक ठरलेलं वाक्य आहे: 'तुमच्याकडे बघून लोकांनी विचारलं पाहिजे, ही अशी का वागते?' मी ते फार मनावर घेतलं. गळ्यात क्रूस, जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना, रोज सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर बायबलमधलं वचन. कित्येक वर्षांत कुणीही काही विचारलं नाही. (जोडलेल्या हातांची चित्रं मात्र न चुकता यायची.)

गेल्या महिन्यात माझ्या चुकीचं खापर एका नवख्या सहकाऱ्यावर फुटलं. दोन दिवस मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी. संध्याकाळी एक जण टेबलापाशी येऊन म्हणाला, 'गप्प राहिली असतीस तरी कुणाला कळलं नसतं. का बोललीस?' आणि न ठरवता माझ्या तोंडून येशूचं नाव निघालं.

माझं मत असं, की विश्वास लोकांना दिसलाच पाहिजे. पण तो दिसतो ते आपल्याला काही झळ बसते तेव्हाच. क्रूस घालायला मला काहीच पडत नाही. पटतं का?

जुनी वही
अर्धंच. बायबलच्या मत्तय या पुस्तकात ५:१६ मध्ये येशू म्हणतो, तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या. पुढच्याच अध्यायाची सुरुवात: लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका. एकाच प्रवचनातली ही दोन वाक्यं आहेत, पण विरोध नाही. पहिल्यात गौरव पित्याचा होतो, दुसऱ्यात आपला. सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपास अशी तीन नावं घेऊन सांगितलंय. तिथल्या 'ढोंगी'साठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तो नाटकातल्या नटाचा. तेव्हा झळ बसली की नाही हा प्रश्नच नाही. नट झळ सोसूनही नाटक करू शकतो.

तिरपा प्रश्न
आणि त्याच अध्यायात उजव्या हाताचं दान डाव्याला कळू देऊ नका म्हटलंय; कबुलीची गोष्ट इथे लिहून उजव्या हाताचं काम डाव्याला कळवून झालंच की!

ओसरी
लागलं. पण आधीचे दोन दिवसही लिहिलेत, तेवढं जमेस धरा.

बाहेरचा
मी ख्रिस्ती नाही, म्हणून ज्यांना 'दिसायला हवं' त्यांच्या बाजूने बोलतो. घरात मोठं आजारपण होतं तेव्हा एका ख्रिस्ती मित्राने माझ्याबरोबर रात्री जागून काढल्या. ते विसरणार नाही. रुग्ण घरी आला आणि चौथ्या दिवशी प्रार्थनासभेचं आमंत्रण. मी नको म्हणालो. हळूहळू फोन कमी झाले. मग मी त्या रात्रींचा हिशेब मनात उलटा मांडायला लागलो. तो माझ्यासाठी जागला की त्या आमंत्रणासाठी? माझ्या डोळ्यांत भरावं म्हणून केलेली मदत मला नको.

दिवठण
चूक आमंत्रणात नव्हती, फोन कमी करण्यात होती. जे आपल्याला जिवापाड खरं वाटतं ते जिवलगापासून लपवायचं, ही कसली मैत्री?

आणि दिसण्याची इतकी लाज का? रोमन सम्राट ज्युलियन (राज्यकाल ३६१ ते ३६३) ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक. गलतियातल्या मुख्य पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात तो तक्रार करतो, की हे गालीलकर (म्हणजे ख्रिस्ती लोक) स्वतःच्या गरिबांना पोसतातच, वर आमच्याही! आणि तुम्हीही परक्यांसाठी धर्मशाळा काढा, असं सांगतो. विरोधकाने दिलेली याहून मोठी पावती कोणती?

जुनी वही
पत्र पूर्ण वाचा. ख्रिस्ती धर्म का वाढला, याची परक्यांवरची दया आणि मृतांच्या दफनाची काळजी ही कारणं सांगून तिसरं कारण तो देतो, त्यांच्या जीवनातलं पावित्र्याचं *सोंग*. म्हणजे नजरेत सगळं भरलं, तरी सम्राट बधला नाही. उलट, ही युक्ती आपणही वापरू असं त्याला वाटलं. 'बाहेरचा' यांना जे वाटलं, त्याच्याच जवळचं हे.

शांतिप्रिय
एवढा वाद कशाला? असिसीचे संत फ्रान्सिस म्हणून गेलेत ना, शुभवर्तमान सांगत राहा, गरज पडली तरच शब्द वापरा.

दिवठण
हे वाक्य त्यांच्या लिखाणात नाही, सुरुवातीच्या चरित्रांतही नाही. त्यांच्या संघाच्या १२२१ च्या नियमावलीत 'सर्व बंधूंनी आपल्या कृतींनी उपदेश करावा' असं आहे खरं. पण तो माणूस गावोगाव तोंडानेच उपदेश करत हिंडला. न बोलण्याची सबब त्यांच्या नावावर खपवू नका.

जुनी वही
हे मान्य. पण मत्तय २५ आठवा. अंतिम न्यायाच्या वेळी उजवीकडे उभे केलेले नीतिमान लोक विचारतात, 'प्रभू, तू भुकेला असताना आम्ही तुला केव्हा पाहिलं?' आपण काय केलं याची त्यांना जाणीवच नाही. इथे मात्र आपण कोण बघतंय ते मोजतोय.

बाहेरचा
हे मला माहीत नव्हतं. माझा मित्र त्या रात्री तरी बहुधा असाच होता. चौथ्या दिवशी त्याला आठवण झाली असावी.

दिवठण
किंवा राहवलं नसेल. त्यालाच विचारून बघा.

तिरपा प्रश्न
ओसरीताई, एक राहिलंच. टेबलापाशी आलेल्याचं तुम्ही सांगितलंत. ज्याच्यावर खापर फुटलं, त्या नवख्याचं काय?

ओसरी
तो अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. त्याला माझा तिसरा दिवस दिसला की पहिले दोन, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही. ग्रुपवर वचन टाकणं तेवढं बंद केलंय.