उतरत्या क्रमाने वाटलेले पेपर

घरचा पाया भक्कम असला की मुलाच्या आत्मप्रतिमेवर शाळेचा फारसा परिणाम होत नाही, हे मला अर्धंच पटतं. मूल स्वतःला जोखतं ते शेजारच्या बाकाकडे बघून. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात नेमकं हेच दाखवलं: कुवत सारखीच असली, तरी हुशारांच्या गर्दीत बसलेलं मूल अभ्यासात स्वतःला कमी समजतं. 'निवडक' शाळेसाठी धावाधाव करणारे पालक हे सहसा हिशेबात धरत नाहीत.

आमच्या एक बाई पेपर गुणांच्या उतरत्या क्रमाने वाटायच्या. दहावा पेपर गेला की मी गठ्ठ्याकडे बघणं सोडून पेनाचं टोपण उघडझाप करत बसायचो. गुण आज एकही आठवत नाहीत, ते टक् टक् मात्र आठवतं. गणित आपलं नव्हे, हे मी तिथेच ठरवून टाकलं आणि पुढे कितीतरी वर्षं तपासूनही पाहिलं नाही.

कौतुकाचंही तसंच. मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत 'हुशार' म्हटलेली पाचवीची मुलं अवघड कोडी चुकल्यावर, मेहनतीचं कौतुक झालेल्यांपेक्षा लवकर खचली. काहींनी तर गुण फुगवून सांगितले! (मला त्यांचं वागणं समजतं.) अर्थात 'छान मेहनत' असं पोपटासारखं म्हणून भागत नाही, मुलांना ते लगेच कळतं. कुठली पायरी मुलाने वेगळ्या वाटेने सोडवली, तिथे बोट ठेवून सांगावं लागतं.