शब्दचर्चा: ‘थर्ड पार्टी’ म्हणजे त्रयस्थ, तिसरा की तिऱ्हाईत?

कर्दळी
नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या १९१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीवरचा लेख मराठीत करते आहे. थिओडोर रूझवेल्ट आपल्याच जुन्या दोस्ताशी, म्हणजे अध्यक्ष टाफ्ट यांच्याशी भांडले, रिपब्लिकन पक्षातून फुटले, वेगळी चूल मांडली आणि मधल्यामधे डेमोक्रॅट वुड्रो विल्सन यांचं फावलं, ती गोष्ट. मी सगळीकडे ‘तिसरा पक्ष’ लिहिलं होतं. काल प्रूफं परत आली. लाल शाईने जिथे जिथे ‘तिसरा’ तिथे तिथे ‘त्रयस्थ’. समासात शेरा: ‘थर्ड पार्टीला त्रयस्थ पक्ष हा रूढ प्रतिशब्द आहे. वाहनविमा पाहावा.’

आता वाक्य असं झालंय: ‘संतापलेल्या रूझवेल्ट यांनी त्रयस्थ पक्ष स्थापन केला.’ संतापलेला माणूस त्रयस्थ कसा असेल हो? मला तर दोन गाड्या धडकल्यात आणि रूझवेल्ट बाजूला उभे राहून पंचनाम्यावर सही करताहेत असंच दिसतं.

दुसरा प्रश्न ‘स्पॉइलर’चा. मी ‘मतं खाणारा’ लिहिलं, ते ‘ग्राम्य’ म्हणून कापलंय. उत्तर शुक्रवारपर्यंत हवंय.

अर्धा वैयाकरणी
संपादकांनी विम्याचा कागद अर्धाच वाचलाय. विम्यात करार दोघांचा, गाडीमालक आणि कंपनी. रस्त्यावरून चाललेल्या ज्याला धडक बसली त्याचा कराराशी संबंध नाही, म्हणून तो त्रयस्थ. निवडणुकीत उतरलेला पक्ष त्रयस्थ असूच शकत नाही, तो तर भांडायलाच आलाय. आपल्याकडे इतक्या तिसऱ्या आघाड्या झाल्या, कुणी कधी ‘त्रयस्थ आघाडी’ म्हणालं का? ‘तिसरा पक्ष’ बरोबर. धागा संपला.

सोलापुरी चादर
धागा असा संपत नसतो वैयाकरणी. ‘तिऱ्हाईत’ घ्या की. माझी आजी भाऊबंदकीत मधे पडणाऱ्याला म्हणायची, ‘तू तिऱ्हाईत, तू गप ऱ्हा.’ त्यात तीनही आला आणि ‘तुला कुणी बोलावलं’ हा भावही आला. अमेरिकेतले दोन मोठे पक्ष या बाकीच्यांकडे त्याच नजरेने बघतात ना?

मिनेसोटाकर
मला ‘तिसरा’ हाच शब्द खटकतो. तिसरा म्हणजे मोजायचं कसं? कर्दळीताई, तुमच्याच लेखातलं घ्या. १९१२ ला विल्सन ४३५ निर्वाचक मतं (प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरलेली, अध्यक्ष त्यांवरच ठरतो), रूझवेल्ट ८८, टाफ्ट ८. टाफ्ट यांना युटा आणि व्हरमाँट ही दोनच राज्यं. लोकांच्या मतांतही रूझवेल्ट २७ टक्क्यांवर, टाफ्ट २३ वर. म्हणजे ‘तिसरा पक्ष’ आला दुसरा आणि खुर्चीवर बसलेला अध्यक्ष आला तिसरा! रिपब्लिकन पक्षाचीही तीच गत. १८५४ ला जन्म, १८५६ च्या पहिल्याच लढतीत दुसरा, १८६० ला लिंकन अध्यक्ष. मग तो तिसरा होता तरी कधी? हा ‘तिसरा’ हजेरीपटावरचा नंबर आहे, निकालातला नव्हे.

कर्दळी
अरे देवा. म्हणजे माझ्या पहिल्याच परिच्छेदात ‘तिसरा पक्ष दुसरा आला’ असं वाक्य येणार. वाचक म्हणतील बाईला मोजता येत नाही.

पंचांगवाचक
मंडळी, मुळात ‘पक्ष’ म्हणजे पंधरवडा. महिन्याला शुद्ध आणि वद्य असे दोनच पक्ष, तिसरा आणणार कुठून? पंख म्हटलं तरी पक्ष्याला दोनच. भाषेनेच द्विपक्ष पद्धत सांगून ठेवली आहे! फार तर त्या तिसऱ्याला ‘अधिक मास’ म्हणा. मधूनच उगवतो, कुणाला फारसा नको असतो, आणि जावयांची तेवढी चंगळ. हलकेच घ्या.

अर्धा वैयाकरणी
पंचांगवाचक, गंमत म्हणून ठीक. पण कोर्टातला वादी पक्ष, लग्नातला वरपक्ष हे पंधरवडे नव्हेत. ‘बाजू’ हा अर्थ संस्कृतातही जुनाच आहे.

पंचांगवाचक
लग्नातही पक्ष दोनच असतात हो. 😀

जुनं ते सोनं
इथे ‘स्पॉइलर’चं कुणीच बोलत नाही. ‘मतं खाणारा’ खरोखरच हिणकस आहे. ‘मतविदारक’ किंवा ‘जयहारक’ का नको? आपण शब्द घडवायचेच नाहीत का? सावरकरांनी ‘महापौर’ दिला तेव्हाही ‘मेयर’वाले हसलेच असतील. आज महापौर म्हटल्यावर कुणी हसतं?

सोलापुरी चादर
जयहारक ऐकून मला जयद्रथ आठवला. काका, वर्तमानपत्रात रोज ‘मतविभागणीचा फटका’ छापून येतं. सोपं आहे, सगळ्यांना कळतं. आणि मतं खाणाऱ्यातही दोन जाती: एक ‘उभा राहिलेला’, दुसरा ‘उभा केलेला’. नावात नाव मिसळणारा एखादा डमी दरवेळी कुणीतरी उभा करतंच. तो वेगळा. इंग्रजीतल्या स्पॉइलरमध्ये हा फरक दिसतो का?

मिनेसोटाकर
स्पॉइलर दोघांनाही म्हणतात, पण ज्यांच्यावर तो शिक्का बसला ते बहुतेक प्रामाणिकपणे उभे राहिलेले. आद्य उदाहरण १८४४ चं. जेम्स बर्नी, गुलामगिरी संपवायला निघालेल्या लिबर्टी पक्षाचे. त्यांना न्यू यॉर्क राज्यात साधारण १५,८०० मतं पडली. व्हिग पक्षाचे हेन्री क्ले तिथे टेक्सास देशात हवंच म्हणणाऱ्या डेमोक्रॅट पोक यांच्याकडून हरले जेमतेम ५,१०० मतांनी. न्यू यॉर्क गेलं आणि अध्यक्षपदही गेलं. पोक निवडून आले आणि टेक्सास गुलामगिरीसकट देशात आलं. म्हणजे गुलामगिरी नको म्हणणाऱ्यांच्या मतांनी गुलामांच्या मालकांचंच फावलं, अशी ओरड तेव्हापासूनची.

आणि २००० चं तर घरातलंच. माझे मेहुणे फ्लोरिडात राहतात. त्याच वर्षी नागरिकत्व मिळालं, आणि आयुष्यातलं पहिलं मत दिलं ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना. फ्लोरिडात नेडरना ९७,४८८ मतं, बुश तिथे अल गोर यांच्याविरुद्ध जिंकले ५३७ नी, आणि त्या जोरावर अध्यक्ष झाले. सासूबाई अल गोर यांच्या भक्त. तेव्हापासून दर दिवाळीला फराळाचं ताट पुढे करताना जावयाला विचारतात, ‘चकली खातोस ना? का मतंच खाणार?’ वीस-पंचवीस वर्षं झाली. मेहुण्यांचं उत्तरही ठरलेलं: ‘ते मत माझं होतं. गोरच्या ताटातलं मी कुठे खाल्लं?’

कर्दळी
मेहुण्यांनी माझ्या मनातलं सांगितलं. ‘मतं खाल्ली’ म्हणताना ती आधी कुणाची तरी होती हे आपण धरूनच चालतो. ‘मतविभागणी’तही तेच, विभागायला आधी एकत्र असायला हवीत. मग मराठीत याला पक्षपात नसलेला शब्द आहे का? (पक्षपात! पंचांगवाचक, तुम्ही गप्प बसा.)

खडूस पण खरं
इंग्रजीत तरी कुठे आहे? स्पॉइल म्हणजे नासवणं. दुधात मिठाचा खडा. दोष मराठीला कशाला देता? हरलेल्याची भाषा प्रत्येक भाषेत सारखीच.

आणि खाल्ली-बिल्लीचा हिशोब दरवेळी खराही नसतो. १९९२ ला रॉस पेरो यांनी थोरल्या बुश यांची मतं खाल्ली असं अजून छातीठोकपणे सांगतात. मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारलं तेव्हा पेरो नसते तर बुशकडे जाणारे आणि क्लिंटनकडे जाणारे जवळपास सारखेच निघाले. १ कोटी ९७ लाख मतं, जवळजवळ १९ टक्के, आणि निर्वाचक मतं शून्य. बहुतेक राज्यांत पहिला येणारा सगळी निर्वाचक मतं घेऊन जातो, म्हणून सगळीकडे थोडी थोडी मतं मिळवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. उलट जॉर्ज वॉलेस १९६८ ला साडेतेरा टक्क्यांवर, पण मतं दक्षिणेत एकवटलेली, म्हणून ४६ निर्वाचक मतं. वांशिक विभक्तीचा कट्टर समर्थक तो. पेरोंपेक्षा त्याला जास्त ‘यश’.

अर्धा वैयाकरणी
पेरो १९९२ ला अपक्ष होते, रिफॉर्म पक्ष त्यांनी नंतर काढला. अपक्षाला तिसरा पक्ष म्हणणं हा वदतोव्याघात आहे.

पंचांगवाचक
अपक्ष म्हणजे ज्याला पंधरवडाच नाही असा. अवघड आहे बिचाऱ्याचं.

मिनेसोटाकर
रिफॉर्म पक्षावरून आठवलं. १९९८ ला आमच्या राज्यात त्याच पक्षाचे जेसी व्हेंचुरा गव्हर्नर झाले, माजी कुस्तीवाले. दोन्ही मोठ्या पक्षांचे उमेदवार तगडे होते, हा गडी ३७ टक्क्यांत दोघांच्या डोक्यावरून पार. नंतर गाड्यांच्या मागे पट्ट्या लागल्या होत्या, त्याचं माझं भाषांतर: ‘आमचा गव्हर्नर तुमच्या गव्हर्नरला लोळवेल.’ इथे ‘दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ’ चपखल बसतं. पण १९१२ ला लाभ झाला विल्सनचा, आणि तो तिसऱ्या पक्षाचा नव्हता! म्हण वापरायची तर जपून.

सोलापुरी चादर
कर्दळीताई, रूझवेल्ट यांच्या त्या नव्या ‘प्रोग्रेसिव्ह पार्टी’चं काय केलंत? ‘पुरोगामी पक्ष’ लिहिलंत तर आमच्या पिढीला १९७८ चं पुलोदच (पुरोगामी लोकशाही दल) आठवणार.

कर्दळी
पुरोगामीच लिहिलंय. खरा घोटाळा टोपणनावात झालाय. रूझवेल्ट म्हणाले, आपल्याला बुल मूससारखं, म्हणजे तिकडच्या थोराड नर हरणासारखं, धडधाकट वाटतंय, म्हणून ‘बुल मूस पार्टी’. प्रूफात त्याचं झालंय ‘बैल-मूस पक्ष’.

सोलापुरी चादर
बैल??? बैल खच्ची केलेला असतो. बुल म्हणजे वळू. ज्या माणसाने मिलवॉकीत छातीत गोळी लागलेली असताना तासाभराहून जास्त भाषण ठोकलं त्याला बैल म्हणता? (खिशातला चष्म्याचा डबा आणि भाषणाच्या कागदांची जाड चळत यांनी गोळीचा जोर कमी झाला, नाहीतर संपलंच होतं.) आणि मूस म्हणजे आमच्या सोनारआळीत सोनं वितळवायचं भांडं. बैल-मूस म्हणजे काय, बैल वितळवतात त्यात?

जुनं ते सोनं
‘महासांबर’ करावं. सांबराच्याच कुळातलं आहे.

खडूस पण खरं
महासांबर पक्ष. इडलीसोबत.

अर्धा वैयाकरणी
शिवाय रूझवेल्ट नव्हे, ‘रोझवेल्ट’. ते स्वतः ‘रोझ’ म्हणजे गुलाबासारखा उच्चार करायचे.

जुनं ते सोनं
मराठीत रूझवेल्ट रुळलंय. आता बदलू नये.

खडूस पण खरं
आत्ताच ‘मतविदारक’ घडवत होतात ना काका? रुळलेलं नको होतं तेव्हा.

अंगणातली चाफेकळी
मी बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज राहवलं नाही. न्यू यॉर्कमध्ये राहते. इथल्या मतपत्रिकेवर एकाच उमेदवाराचं नाव दोनदा येतं. २०२४ ला कमला हॅरिस डेमोक्रॅटिकच्या ओळीत आणि वर्किंग फॅमिलीज पक्षाच्या ओळीतही, ट्रम्प रिपब्लिकन आणि कन्झर्व्हेटिव्ह अशा दोन ओळींत. कुठलाही एक गोल काळा करा, मत त्याच माणसाला, पण कुठल्या पक्षामार्फत आलं ते वेगळं मोजतात. पहिल्यांदा मी पेन हातात धरून दोन मिनिटं तशीच उभी. छपाईची चूक वाटली. ‘फ्यूजन’ म्हणतात याला. आईला फोनवर सांगताना ‘युती’ म्हटलं तर ती म्हणाली, मग जागावाटप कसं झालं? युती नव्हे हे. मग शब्द काय?

सोलापुरी चादर
पुरस्कृत! ‘अमुक पक्ष पुरस्कृत उमेदवार’ हे आपल्याकडे पोस्टरवरच असतं.

खडूस पण खरं
पुरस्कृतमध्ये प्रेम दिसतं, पण परिणाम बघा. १८९२ ला पॉप्युलिस्ट पक्षाचे वीव्हर २२ निर्वाचक मतं घेऊन गेले, शेतकऱ्यांचा पक्ष. १८९६ ला डेमोक्रॅटांनी ब्रायनना उभं केलं, त्यांच्या भाषणात पॉप्युलिस्टांचाच मुद्दा, सोन्याबरोबर चांदीचीही नाणी मुक्तपणे पाडा. मग पॉप्युलिस्टांनीही ब्रायनच पुरस्कृत केले, उपाध्यक्षपदाचा उमेदवार तेवढा आपला ठेवला. ब्रायन हरले आणि पक्षाची हवा गेली. पण वाढत्या दराचा आयकर आणि सेनेटरांची थेट निवडणूक या त्यांच्या मागण्या १९१३ ला घटनादुरुस्त्यांनी मार्गी लागल्या. नांगरलं यांनी, खळं दुसऱ्याच्या अंगणात. याला शब्द शोधा, स्पॉइलरचं काय घेऊन बसलात.

कर्दळी
शुक्रवार उद्यावर आलाय हो! अजून दोन शब्द राहिलेत. १८५० च्या दशकातला ‘नो-नथिंग’ पक्ष, म्हणजे परक्यांच्या आणि कॅथलिकांच्या विरोधातला. सभासदाला काही विचारलं की त्याने ‘मला काही ठाऊक नाही’ म्हणायचं. आणि १८८४ चे ‘मगवंप’, स्वतःचा रिपब्लिकन उमेदवार ब्लेन भ्रष्ट म्हणून डेमोक्रॅट क्लीव्हलँडना मत देणारे.

सोलापुरी चादर
पहिला ‘कानावर हात पक्ष’. याच्याहून चांगलं होणे नाही.

मिनेसोटाकर
+१. मगवंप हा मूळचा इथल्या आदिवासींच्या भाषेतला शब्द, अर्थ ‘मोठा सरदार’. गोऱ्यांनी टिंगलीसाठी उचलला. पुढे कोटी केली की ‘मग’ कुंपणाच्या एका बाजूला, ‘वंप’ दुसऱ्या बाजूला. ‘मग’ म्हणजे थोबाड, ‘वंप’ म्हणजे... बसायचा भाग.

अंगणातली चाफेकळी
मग ‘तळ्यात-मळ्यात’वाले म्हणा ना!

अर्धा वैयाकरणी
चालणार नाही. तळ्यात-मळ्यातमध्ये माणूस सारखा उड्या मारतो. हे एकदाच उडी मारून तिकडे गेले. त्यांची तत्त्वं पक्की होती.

सोलापुरी चादर
चुकीची सूचना ऐकून उडी मारली की बाद, हा नियम तेवढा जुळतो. आमच्याकडे बाद झालेल्याला बाहेर बसवायचे.

अंगणातली चाफेकळी
आमच्याकडे बाद झालेलाच पुढचा डाव सांगायचा. कोकणात.

सोलापुरी चादर
काहीतरीच. मग शेवटी उरलेल्याला काय मिळायचं?

कर्दळी
लेख पाठवला. ‘त्रयस्थ’ खोडून पुन्हा ‘तिसरा’ केलंय, स्पॉइलर तसाच ठेवलाय, मूसही. संपादकांचा फोन येऊन गेला, त्रयस्थबद्दल चकार शब्द नाही. विचारत होते, टाफ्टमध्ये ट ला फ जोडायचा की पाय मोडायचा?

अर्धा वैयाकरणी
ट नव्हे, फ ला ट. आणि जोडायचाच.

जुनं ते सोनं
पाय मोडावा. जोडाक्षराला आमचा काळ वेगळा होता.